तलावाकडे तोंड केलेली खुर्ची

आमच्या कोसमटोल्यात कुठलाही कार्यक्रम माझ्यावाचून होत नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, बिछायत केंद्र माझं आहे एवढंच. लग्न असो, तेरवी असो, ग्रामसभा असो, नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईतले कबड्डीचे सामने असोत. सतरंज्या माझ्या, खुर्च्या माझ्या, भोंगे माझे आणि माइकही माझा. माइक आपला असला की बोलायलाही आपणच लागतो. त्यामुळे आईबापांनी शालीकराम असं चांगलं नाव ठेवूनही पार अर्जुनी मोरगावपर्यंत लोक मला ‘हॅलो चेक’ म्हणूनच हाक मारतात.

मध्यंतरी गोंदियाहून एक पत्रकार आला. आमच्या सरपंच रुख्माबाईंवर त्याला लिहायचं होतं. मी त्याला चहा पाजला, दुपारभर त्याच्याशी बोललो, आणि छापून आलेलं वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं. कबड्डी, व्हॉलीबॉल, भालाफेक, धावणं, पोहणं, सगळं होतं त्यात. मुलींचे संघ होते, तलावाची दुरुस्ती होती. ‘जिद्दीच्या जोरावर’ हे शब्द तर बहुतेक त्याच्या पेनातच भरलेले असावेत. पण खुर्चीबद्दल एक ओळ नाही! उदेभानभाऊंचं नावसुद्धा नाही. बाबा रे, एवढी भाजी केलीस आणि मीठच विसरलास. म्हणून आता मीच लिहितो. मला भोंग्यातून बोलायची सवय आहे, आवाज थोडा मोठा लागला तर सांभाळून घ्या.

रुख्मा मूळची बोदलकसा तलावाच्या काठची. बाप बकाराम, थोडी धानाची शेती आणि बाकी पोट मासळीवर. पोरगी चालायच्या आधी पोहायला लागली असं बकाराम सांगायचा. बापांनी सांगितलेल्या गोष्टींतलं अर्धं सोडून द्यावं, पण मी तिला पाण्यात पाहिलं आहे, म्हणून यातलं काही सोडत नाही. शाळेत धावण्यात ती पहिली. भाला नव्हता, तर वाळका बांबू तासून फेकायची. व्हॉलीबॉलला मुली जमेनात, तर मुलांत जाऊन खेळायची, आणि मुलं कुरकुरायची ती मुलगी आहे म्हणून नाही, हरवते म्हणून. पण खरा जीव कबड्डीवर. तिरोड्याला जिल्ह्याचे सामने होते, तिथे आम्ही तिला पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही म्हणजे मी आणि उदेभान कापगते. उदेभानभाऊ आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. तरुणपणी स्वतः नावाजलेले खेळाडू, पुढे गुडघा गेला आणि नजर तेवढी राहिली. ती नजर अशी की गडी मध्यरेषा ओलांडायच्या आत हे सांगायचे, हा पकडला जाणार की नाही. त्या दिवशी आम्ही आमच्या पोरांचा संघ घेऊन गेलो होतो. मुलींचा अंतिम सामना सुरू झाला आणि उदेभानभाऊ तिथेच खिळले. इकडे आमची पोरं खेळून, हरून, पाय धुऊन बसली तरी अध्यक्षांचा पत्ता नाही. रुख्मा चढाईला गेली की ते बसल्या जागी पुढे सरकायचे.

परत येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जीप थांबली. चहा आला. उदेभानभाऊंनी बशीत चहा ओतला आणि तसाच निवू दिला.

“शालीक, हे पोट्टी आपल्या गावात पायजे.”

“कशी आणता? उचलून?” मी म्हटलं.

“देवेंद्र आहे ना.”

देवेंद्र म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे उदेभानभाऊंनीच त्याला बापासारखं वाढवलं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. मांडव माझाच होता.

आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उदेभानभाऊंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

आमच्याकडची रीत ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने डोकं झाकायचं, समोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि शिवायचं तर मुळीच नाही. भासऱ्यानेही तिच्याकडे बघायचं नाही. तो घरात शिरताना खोकतो, ते ऐकून ती दाराआड होते. आता पुष्कळ घरांत हे सैल झालं आहे, पण कापगत्यांच्या घरात नव्हतं, आणि उदेभानभाऊ रीत पाळणारे. जिचा खेळ रोज बघायला मिळावा म्हणून मागणी घातली, तिच्याकडे बघायची बंदी असलेला सबंध गावात एकच माणूस, आणि तो हे स्वतः! बरं, मंडळाचे अध्यक्षही हेच. अध्यक्ष मैदानावर, म्हणजे सून घरात. असला घोळ आमच्या झाडीपट्टीतला माणूसच घालू जाणे.

त्यांची बायको मंगलीबाई तोंडाची सडेतोड. माझ्यादेखत म्हणाली, “भावासाठी बायको आणली का मंडळासाठी खेळाडू? आता ठेवा दोघीले झाकून.”

त्यावर उदेभानभाऊ उठले. गोठ्यात जाऊन बैलांना चारा टाकत राहिले.

रुख्मा कामाला वाघीण. धानाच्या रोवणीला तिच्या ओळीत उभं राहायला बायका घाबरायच्या, कारण ती मागे चालत चालत दुसऱ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकलेली असायची आणि बाकीच्या अजून अर्ध्या बांधीत, म्हणजे अर्ध्याच शेतात. देवेंद्र भला माणूस, तिला कधी काही बोलला नाही, पण ‘खेळ’ म्हणायची हिंमत त्याच्यातही नव्हती. भासऱ्याचं जेवण वाढायचं असलं की ती ताट ठेवून ओसरीच्या खांबाकडे बघत म्हणायची, “म्हणा, जेवण वाढलं.” तेही जेवून खांबालाच सांगायचे, “म्हणा, वरण चांगलं झालं.” त्या घरात सगळ्यात जास्त संसार त्या खांबानं ऐकला असेल.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग ती मंडई आली.

मंडई म्हणजे आमचा खरा सण. पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, दिवसा कबड्डी. त्या वर्षी गावच्या लेकींचा संघ पहिल्यांदाच उतरणार होता आणि ऐन वेळी एकीला ताप भरला. राहिल्या सहा. समोरचा संघ नवेगावकडचा, तयारीचा. आमच्या पोरी कावऱ्याबावऱ्या होऊन मागे बायकांच्या घोळक्याकडे बघायला लागल्या. तिथे डोक्यावरून पदर घेऊन, मुलाला मांडीवर घेऊन रुख्मा बसली होती. हळूहळू सगळं मैदान तिकडे बघायला लागलं, आणि मग सगळं मैदान पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे बघायला लागलं. तिथे उदेभानभाऊ बसले होते.

मी माइक बंद केला. नाहीतर माझा श्वासही भोंग्यातून गावभर गेला असता.

उदेभानभाऊ उठले. मला वाटलं, निघाले, संपलं. अध्यक्षच उठून गेल्यावर सून कुठली खेळते? पण त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली, मैदानाकडे पाठ आणि तलावाकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. मांडीवर दोन्ही हात ठेवले आणि मान न वळवता म्हणाले, “शालीक, आवाज वाढव.”

मंगलीबाईने रुख्माच्या मांडीवरचं पोर ओढून घेतलं आणि तिला पाठीत एक धपाटा घातला. “जाय व! आता का पत्रिका पायजे?”

रुख्माने पदर खोचला, साडीचा काष्टा मारला आणि मैदानात आली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण माइक हातात असणाऱ्याला रडायची सवड नसते. मी नेहमीसारखं सुरू केलं, “रुख्माबाई चढाईवर... वा! सुंदर! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

तलावाकडे तोंड केलेल्या खुर्चीतून आवाज आला, “टाळ्या कायले सांगून राहिला बे? टाळ्या मले ऐकू येतेत. उजवा पाय कुठं आहे ते सांग.”

तोवर मला कॉमेंट्री म्हणजे आरडाओरडा वाटत होता. त्या दिवसापासून मी नीट बघायला लागलो. कोण कुठे उभं आहे, कोणाचा हात कोणाच्या हातात आहे, कोण कोपरा सोडून आत आलं. सगळं मी त्या पाठमोऱ्या माणसासाठी सांगायचो. पुढच्या मंडईपासून आसपासच्या गावचे लोकही म्हणू लागले, कोसमटोल्याला सामना बघायचा नसला तरी ऐकायला जावं. उदेभानभाऊंचा प्रश्न मात्र दर वर्षी तोच. रुख्मा चढाईला निघाली की खुर्चीतून यायचं, “उजवा पाय सांग.” डाव्या पायाने यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. म्हाताऱ्या खेळाडूंना एकेक खोड असते, असं समजून मी उजवा पाय सांगत गेलो.

एका मंडईला सामने संपल्यावर मी भोंगे उतरवत होतो. ते खुर्चीतच बसून होते. तलावावर ऊन उतरलं होतं.

“शालीक,” ते म्हणाले, “मी तिले तिरोड्याले एकदाच पायलं. पुन्हा एक बार समोरून पायलं असतं, तं बरं झालं असतं.” मग खुर्चीतून उठत, “जाऊ दे. तू सांगतं चांगला.”

रुख्माच्या मनातही तेच होतं, हे मला मंगलीबाईकडून कळलं. ती एकदा धान कापता कापता म्हणाली होती म्हणे, “ज्यायनं माझा खेळ पाहून मले आणलं, त्यायनंच तो पुन्हा नाई पायला.” एका घरात दोन माणसं, दोघांची एकच इच्छा, आणि मध्ये तो खांब.

पुढचं पत्रकाराने लिहिलंच आहे, मी थोडक्यात सांगतो. रुख्मा रिकाम्या खळ्यावर पोरींना शिकवायला लागली. मग पोरींच्या आया आल्या. उन्हाळ्यात व्हॉलीबॉलची जाळी लागली, ती जुन्या मासळीच्या जाळ्याची. तलावात पोरींना पोहायला शिकवलं. ज्या घरात भांडण झालं त्या घरची बाई आधी खळ्यावर यायची, मग माहेरी जायचा विचार करायची, आणि बहुतेक वेळा खळ्यावरच भागायचं. एखाद्या घरचा पुरुष पिऊन मारतो असं कळलं, की संध्याकाळी रुख्मा आणि तिच्या सहा जणी त्याच्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. कबड्डीत साखळी धरून उभ्या राहतात तशा नुसत्या उभ्या. सरपंचपदाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा दुसरं नाव कोणी घेतलंच नाही.

काहींचा हिशेब असा की सही रुख्माची आणि कारभार देवेंद्रचा. देवेंद्रने त्यांना हात जोडले. म्हणाला, “बापा, माझ्याच्यानं घरची म्हैस सांभाळणं होत नाई.”

ग्रामसभा तिने मैदानावर आणली आणि एक नियम केला: ज्याला बोलायचं त्याने एका दमात बोलायचं. कबड्डी कबड्डी म्हणतात तसं. दम तुटला की खाली बसायचं. आमच्याकडे दुर्गाप्रसाद नावाचे राइस मिलवाले आहेत. मूळचे गोंदिया शहरातले, बोलणं हिंदीत सुरू करतात आणि संपवत कुठल्याच भाषेत नाहीत. पहिल्या सभेत उठले, “देखो भाई, मैं तो सीधी बात करता हूँ, मेरे पिताजी के जमाने में...” आणि मिलसमोर सांडपाण्याची नाली हवी, या मुद्द्यापर्यंत पोचायच्या आत दम सुटला.

“आऊट,” रुख्मा म्हणाली. सगळी सभा हसली. दुर्गाप्रसादही हसले आणि बसले. पुढच्या सभेला त्यांनी नालीची गोष्ट एका दमात, मराठीत सांगितली आणि नाली झाली. तेव्हापासून आमची ग्रामसभा जेवणाच्या आत आटोपते.

उदेभानभाऊही सभेला यायचे. मी त्यांची खुर्ची तलावाकडे तोंड करून ठेवायचो. सरपंच आणि भासरा यांचं बोलणं आता खांबाऐवजी माझ्या माइकमधून चालायचं.

“माइकले सांगा,” ते पाठमोरे म्हणायचे, “तलावाच्या पाळीतून पाणी झिरपून राहिलं. कोण बघते?”

“माइकले सांगा,” रुख्मा पदर पुढे ओढून म्हणायची, “मंजुरी आली आहे. उन्हाळ्यात काम लागते.”

“माइकले सांगा, पाणी उन्हाळ्याची वाट नाई बघत.”

मी दोघांच्या मध्ये उभा राहून एकच वाक्य दोनदा बोलायचो. लोकांना हसू यायचं, मलाही यायचं. पण बोलणं कामाचं असायचं.

आणि पाण्याने खरंच वाट बघितली नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात झड लागली. तलाव भरला, आणि पाणी सोडायच्या तोंडाजवळ, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, तिथे पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचायला लागली. पाळ फुटली असती तर खालची सगळी बांधी गेली असती आणि खालच्या टोल्यातली घरंही. अख्खं गाव पाळीवर लोटलं. मुरूम भरलेल्या चुंगड्या हातोहात चालल्या होत्या. रुख्माने बायापुरुषांची एक साखळी लावली होती आणि स्वतः सगळ्यात पुढे, खचलेल्या जागेजवळ होती. उदेभानभाऊंना सत्तर झालेली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते काठी टेकत आले आणि तुडुमाच्या दगडांवर उभे राहून ओरडायला लागले, “इकडं टाका, इकडं!” सांगत होते ते बरोबरच होतं. पण बोलता बोलता पायाखालचा मातीचा तुकडा सुटला आणि ते त्याच्याबरोबर पाण्यात गेले.

तुडुमाजवळचं पाणी आत ओढतं. पोहणारी पोरं पाळीच्या दुसऱ्या टोकाला मुरूम भरत होती. लोक ओरडायला लागले, “कोणी उतरा रे! अरे कोणी उतरा!”

रुख्मा दहा पावलांवर होती. खांद्यावर चुंगडी. ती क्षणभर थांबली. ते थांबणं मी पाहिलं. पाण्याची भीती तिला कधीच नव्हती. ती कशाला थांबली हे पाळीवरच्या प्रत्येकाला कळलं. मग तिने चुंगडी टाकली आणि उडी मारली.

ती त्यांना घेऊन आली तेव्हा त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि तिचा हात त्यांच्या छातीभोवती. काठावर आडवं करून तिने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. त्यांनी पाणी ओकलं. डोळे उघडले. समोर तिचा चेहरा, ओला, उघड्या डोक्याचा, हातभर अंतरावर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रुख्माने चिंब पदर डोक्यावर ओढला, मागे सरली आणि देवेंद्रला हाक मारली. मग परत जाऊन साखळीत उभी राहिली. पाळ वाचली.

जुन्या बायांनी मंगलीबाईकडे विषय काढलाच. भासऱ्याला भावाची बायको शिवली तर दोघांनी डोक्यावरून आंघोळ करायची, अशी जुनी चाल आहे. मंगलीबाई म्हणाली, “दोघायले अख्ख्या तलावानं आंघोळ घातली. आता माझ्या बादलीनं आणखी का होते?” विषय तिथेच मिटला.

गावाचा मिटला, पण घरातला नाही. उदेभानभाऊंच्या बरगड्या दुखावल्या होत्या. गोंदियाला काही दिवस दवाखान्यात राहून घरी आले आणि गप्प झाले. खांबाशी बोलेनात. ग्रामसभेला येईनात. मी त्यांची खुर्ची ठेवायचो आणि ती रिकामीच उचलून आणायचो. मैदानाकडे तर फिरकलेच नाहीत.

मंडईच्या आधी रुख्मा माझ्या दुकानात आली. घडी घातलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर बसली. सरपंच झाल्यापासून मी तिला असं खांदे पाडून बसलेलं पाहिलं नव्हतं.

“शालीकभाऊ, या साली माझं नाव नका घेऊ. मी खेळत नाई.”

“काऊन?”

“त्यायनं मैदान सोडलं. माझ्यापायी.”

“अवो, तुमी जीव वाचवला त्यायचा!”

“जीव वाचवला, पण माणूस घरात बसला.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. “पाठ करून बसत होते, तरी बसत होते ना. मले तेवढं पुरत होतं. ते नसतील तं मी कोणासाठी खेळू?”

मला उदेभानभाऊंचा असा राग आला की विचारू नका. तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत खाटेवर पडले होते. एका दमात सगळं सुनावलं. रुख्माच्या ग्रामसभेची सवय कामी आली. त्यांनी ऐकून घेतलं. 

“मंडईले खुर्ची ठेवजो,” एवढंच म्हणाले.

“कुठं?”

“ठेवतं तिथंच.”

मंडईच्या दिवशी मी खुर्ची ठेवली. पहिल्या रांगेत, तलावाकडे तोंड करून. सामन्याची वेळ झाली. आमच्या सहा जणी मैदानात उभ्या, आणि रुख्मा बायकांमध्ये पदर घेऊन बसलेली. तेवढ्यात देवेंद्रच्या हाताला धरून उदेभानभाऊ आले. लोकांनी वाट दिली. ते खुर्चीजवळ आले, पण बसले नाहीत. काठी देवेंद्रकडे दिली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली. तिचे पाय मातीत रुतले होते, हलेना. देवेंद्र मदतीला वाकला, तर त्याला मानेनेच नको म्हणाले. पुन्हा जोर लावला आणि खुर्ची फिरवली. तिचं तोंड मैदानाकडे केलं. आणि बसले.

मागच्या रांगांतले लोक बघायला उठून उभे राहिले.

“शालीक,” ते म्हणाले, “माइकवर सांग.”

“का सांगू, भाऊ?”

“सांग, उदेभान आऊट झाला. तलावावर शिवल्या गेला. आऊट झालेला गडी रेषेबाहेर बसते अन मॅच बघते. पाठ करून कोणी बसते का?”

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. मंगलीबाई नंतर म्हणाली, भोंग्यातून नुसती घरघर येत होती.

रुख्मा उठली. डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि मैदानात आली. पंचेचाळिशीची बाई, समोर विशीच्या पोरी. पहिल्याच चढाईत तिने दोघींना हूल दिली, तिसरीला शिवायला गेली आणि परत फिरताना घोट्याला धरली गेली. पडली, हात लांब केला, पण मध्यरेषा वीतभर लांब राहिली. आऊट.

आऊट झालेल्यांची जागा उदेभानभाऊंच्या खुर्चीशेजारीच. ती येऊन खाली मातीत बसली. सामना चालू होता, पण त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

उदेभानभाऊ मैदानावरून नजर न काढता बोलले. खांबाशी नाही, माइकशी नाही.

“उजवा पाय उशिरा उचलते तू.”

रुख्मा त्यांच्याकडे बघतच राहिली.

“तिरोड्याले बी असाच उशिरा उचलत होती. तवाच मनात होतं, मॅच झाल्यावर सांगीन.”

“मंग काऊन नाई सांगतलं?”

“मंग मी देवेंद्रासाठी मागणी घातली. मंग सांगता येते का?”

मी माइक हातात धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात इतक्या वर्षांचे सगळे ‘उजवा पाय सांग’ एकदम वाजायला लागले. भासऱ्याने भावाच्या बायकोच्या पायाबद्दल निरोप तरी कोणत्या तोंडाने पाठवायचा? खांबालाही सांगता येत नाही असली गोष्ट. ती सुधारली का एवढंच ते माझ्याकडून दर मंडईला विचारून घेत होते.

रुख्मा हसली, आणि हसता हसता रडली. “किती बार पकडल्या गेली मी या पायानं!”

“मालूम आहे,” उदेभानभाऊ म्हणाले. “मी ऐकत होतो ना.”

“आता सांगा. कसा उचलू?”

त्यांनी देवेंद्रकडून काठी घेतली आणि जमिनीवर ठोकून दाखवली. एक, आणि लगेच दुसरा. पुन्हा एकदा. ती मान खाली घालून नीट बघत होती. तेवढ्यात आमच्या पोरीने समोरची एक गडी टिपली, तशी रुख्मा जिवंत झाली आणि माती झटकून आत गेली. पुढच्या चढाईला तीच निघाली.

“रुख्माबाई चढाईवर,” मी सुरू केलं, “डावा पाय बोनस रेषेपाशी, उजवा पाय...”

“शालीक,” उदेभानभाऊ म्हणाले, “आता चूप राय. मले बघू दे.”

मी माइक बंद केला.